दुसरा आकडा

४ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

औषधाच्या कारखान्यातली नोकरी बरी चालली आहे. सहा महिन्यांनी कायम करू, असं साहेब म्हणतात. सध्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या माझ्याकडे आहेत. सरासरी शंभर मिली, भरण्यातल्या कमी-जास्तीचा व्हेरियन्स चार. शहाण्णवच्या खाली किती बाटल्या जातील, ते सॉफ्टवेअर सांगतं. त्याला आधी सरासरी द्यायची, मग दुसरा आकडा. तो कुठला, हे मदतीच्या पानांत असेल. पण पानं चार आहेत आणि काका एकच. तुम्हीच सांगा.

काकूंची कंबर कशी आहे? लोभ आहेच, कमी होऊ देऊ नये.

आपली,
ठमी


९ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

दुसरा आकडा व्हेरियन्स. सारं जग तसंच लिहितं. तसं न लिहिणाऱ्यांचे मी तीस वर्षं दोन-दोन मार्क कापले. मदतीची पानं ज्यांना काका नाहीत त्यांच्यासाठी असतात.

काकूची कंबर ठीक, जीभ त्याहून ठीक. पत्र टाकत जा.

तुझा,
काका


२ जुलै

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

चार दिला. शंभरात सोळा बाटल्या कमी भरतात, असं उत्तर आलं. माझ्या अहवालावरून साहेबांनी मशीन बंद केलं आणि ते चालवणाऱ्या दादांना घरी बसवलं. बावीस वर्षांची नोकरी. जाण्याआधी दादांनी शंभर बाटल्या मापून दाखवल्या. दोन कमी निघाल्या. शंभर बाटल्यांवरून काय ठरतं, असं साहेब म्हणाले.

मला शाबासकी मिळाली. पुढच्याच महिन्यात कायम करणार आहेत. जेवण मात्र जात नाही. सोळा कुठे, दोन कुठे?

आपली,
ठमी


७ जुलै

चि. ठमीस,
आशीर्वाद.

मदतीची पानं छापून आणवली. पहिल्याच पानावर, तिसऱ्या ओळीत आहे: दुसरा आकडा प्रमाण विचलन. म्हणजे व्हेरियन्सचं वर्गमूळ. चार नव्हे, दोन द्यायला हवे होते. दोन दिले की शंभरात दोनच बाटल्या कमी येतात. दादांनी मापल्या तेवढ्याच.

आयुष्यात एक तरी बाटली मापली होतीत का, असं काकूने विचारलं. मी चष्मा पुसत बसलो.

सोबत साहेबांसाठी पत्र आहे. चूक माझी, असं त्यात लिहिलं आहे.

काका


१६ जुलै

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र साहेबांना दिलं नाही. अहवालाखाली सही माझी होती. नवा अहवाल मीच नेऊन दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, सॉफ्टवेअरही दोनच म्हणतंय, म्हणजे त्या माणसाचं मापणं बरोबर असावं.

दादा सोमवारपासून कामावर आले. माझं कायम होणं वर्षभर पुढे गेलं. रोज सकाळी दादा बाटल्या मापतात आणि मी आकडे लिहिते. तुमच्या पत्राची मागची बाजू कोरी होती, ती कामी आली.

काकूंना नमस्कार. माया असू द्यावी.

आपली,
ठमी