आईने देवाचं नाव घेतलं

प्रिय ललित,

तू गेलेल्या अटलांटाच्या मोर्चातलं, तू पाठवलेलं त्या कृष्णवर्णीय पास्टरबाईंचं भाषण मी आईला अहिराणीत सांगितलं. पोलिसांनी मारलेल्या मुलासाठी रडत त्या म्हणाल्या होत्या, "अन्यायापुढे गप्प बसणाऱ्याची प्रार्थना देव ऐकत नाही."

काल गावच्या बैठकीत आपले आबा म्हणाले, यंदा जत्रेत जहीरभाईंचं बांगड्यांचं दुकान नको. आई उठली.

"मंग मी बी येत नही. देवले काय तोंड दखाडू?"

तिच्यामागे इतर बायकाही उठल्या. दुकान लागणार आहे.

घरी आबांनी विचारलं, "तुले हाई कोन शिकाडं?"

"देवनी."

तुझ्या मोर्चावर आबा अजून चिडलेले आहेत; आईचं बोलणं तिथूनच आलं हे त्यांना कळू नये, म्हणून हे पत्र पाठवत नाही. आई मात्र आज गुणगुणत भाकरी थापतेय.

तुझी ताई,
रंजिता