कानात उशिरा येणारा आवाज

आई, शेजारची ती परवा विंझरहून एसटीनं भोरला माझ्याकडं आली होती. तीच, जिला तू चुलीपुढं बसवून भात लावतानाची गाणी शिकवलीस. मी भाकऱ्या थापतेय, तू जाळ सारत तिला चाल दाखवतेयस, आणि मी मधेच सूर लावला की म्हणतेस, "तू भाकरीकडं बघ. गाऊ दे तिला." तू गेलीस आणि गाणी तिच्याकडंच राहिली. मी आता घरातल्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग करते, म्हणून मीच तिला बोलावलं.

तिनं हेडफोन लावला, गायला लागली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळली. तिचाच आवाज तिच्या कानात उशिरा पोचत होता. परत गायली, परत तेच. मला कारण ठाऊक होतं. माईक ज्या डब्याला जोडतात, त्या ऑडिओ इंटरफेसचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला तो डबा ओळखू येण्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर, मागच्या अपडेटनंतर बिघडला होता. पण मी गप्प बसले. तिला चुकताना बघून बरं वाटत होतं. शेवटी तिनं हेडफोन काढला, पिशवी उचलली. "आता न्हाई जमत गं मला," म्हणाली.

तिच्याबरोबर गाणीही निघाली होती. "तुझं न्हाई चुकत, मशीनचं चुकतंय," मी म्हणाले. जुना ड्रायव्हर काढला, नवा टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तरी उशीर होताच, कारण रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरचाच साधा ड्रायव्हर धरून बसलं होतं. सेटिंगमध्ये डब्याचा निवडला, तेव्हा आवाज वेळेवर आला, पण खरखरत. बफर, म्हणजे आवाज क्षणभर साठवून पुढं सोडायची जागा, थोडा वाढवला, तसा आवाज स्वच्छ झाला. तोवर ती माझ्याच स्वयंपाकघरातून चहा करून घेऊन आली, न विचारता, तुझ्या घरात वावरायची तशी.

मग मीही हेडफोन लावला आणि ती गायली. ओळ संपायच्या आत, शब्द अर्धा तोडून तू श्वास घ्यायचीस, तसाच तिनं घेतला. कानाशी इतक्या जवळ, की मी वळून दाराकडं पाहिलं. माझ्याकडं तुझं नाक तेवढं आलंय. तिच्या गळ्यात मात्र तू अख्खी बसली आहेस, आणि तुला ऐकायचं तर मला तिला बोलवावं लागतं.

काल तिला फोन करून सांगितलं, एक गाणं नीट आलं नाही, परत यावं लागेल. "येते की," म्हणाली. तिला सांगणार नाही, तुला सांगते. सगळी गाणी चांगली आली आहेत.