विनुताच्या गावचा कावळा

३ फेब्रुवारी
जुन्या कॅलेंडरच्या पानांची मागची बाजू कोरी आहे, तिच्यावरच लिहिते. लेकीचा, विनुताचा फोन आला. आल्प्सच्या पायथ्याशी तिच्या त्या गावात अजून बर्फ आहे म्हणे. चाळीस घरं, एक चर्च, तासातासाला घंटा. तिथल्या वृद्धाश्रमात ती नर्स. तिच्या शेजारच्या म्हातारीचं नाव ह्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून हे तिला ताराबाई म्हणायचे! गावाचा फोटो ह्यांनी देवघराशेजारी लावला होता. अजून तिथंच आहे.

५ फेब्रुवारी
एकटीपुरतं रसम होत नाही. उरतंच.

८ फेब्रुवारी
ह्यांना ते गाव एकदा बघायचं होतं. "दोघं जाऊन येऊ," रोज म्हणायचे. मी म्हणायची, तिथं सोवळं कुठलं, इथल्यासारखं कावेरीचं पाणी कुठलं? मला सोडून हे जाणार नव्हतेच. राहून गेलं.

११ फेब्रुवारी
ह्यांचं वर्षश्राद्ध. मुलगा नाही, म्हणून पुतण्या राजगोपाल पापनाशमहून आला, त्यानंच केलं. माडीच्या कठड्यावर पिंड ठेवला. कावळे नारळावर बसून राहिले. तास झाला — शिवेनात.
राजगोपाल म्हणाला, "काकी, काकांचं काय राहिलंय? बोलून टाका. ऐकतात ते."
काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. पण तसा शब्द कसा देऊ?
"उन्हात आता माझाच पिंड व्हायचा," म्हणाला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. भटजी म्हणाले, चालतं. मला घास गेला नाही.

१२ फेब्रुवारी
विनुताचा फोन. तिनंही काल भात ठेवला होता, ताराबाईच्या जळणाच्या लाकडांवर. ताराबाई शाल गुंडाळून शेजारी उभी. तिला काय कळलं कोण जाणे, पण हलली नाही म्हणे.
"आई, कावळाच होता, चोच तेवढी पिवळी. लगेच शिवला."
मी विचारलं, काय बोललीस त्याला?
"म्हटलं, अप्पा, आई इकडे येईल. तू रागावू नकोस हं, आई."
मी रागावलेच. मला न विचारता पितरांना शब्द देतात का?

१३ फेब्रुवारी
पितरांना दिलेला शब्द मोडता येत नाही. सकाळी राजगोपालला फोन करून विचारलं — पासपोर्टच्या फोटोत डोक्यावर पदर चालतो का.