शंभर टनी तोफ उडताना आईला खाटेवरच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
शंभर टनी तोफेची चौकी,
बंदराचे तोंड, माल्टा.

दि. १४ मार्च १८८९

विषय : घर रिकामे करण्यातून आईस सूट मिळणेबाबत.
संदर्भ : येत्या गुरुवारची आपली नोटीस (अकरावी).

महोदय,

१. तोफ उडण्यापूर्वी दारे-खिडक्या सताड उघडून सर्वांनी घराबाहेर उभे राहावे, असा आपला हुकूम आहे. काचा फुटतात, छताचे दगड हलतात. हुकूम योग्यच आहे. परंतु माझी आई रोझारिया नऊ वर्षे अंथरुणावर आहे.

२. तिला उचलण्यासाठी देवळातून संताची मूर्ती मिरवण्याचे दांडे आणावे लागतात. पहिल्या खेपेस वरच्या आळीतल्या बायका मूर्तीच आली समजून गुडघ्यांवर बसल्या व सज्जातून कागदी फुले उधळू लागल्या. खांदेकरी पावलू म्हणाला, "विचेन्स, संत बरा रे! निदान वरून शिव्या तरी देत नाही." आई म्हणाली, "संताला वर्षातून एकदा बाहेर काढता. मी काय त्याच्याहून मोठी झाले?"

३. दहा वेळा तिला बाहेर काढले. तोफ एकदाच उडाली. कधी यंत्रात तोफ फिरवण्याइतकी वाफ धरली नाही, कधी समोर मासेमारीच्या होड्या आल्या, कधी वारा. वाट पाहून तिला परत आत नेले. पाद्रीसाहेबांनी तिला चारदा मरणाआधीचे अंतिम तेल लावले; आता ते म्हणतात, "आधी तोफ उडू दे, मग बोलवा."

४. (या परिच्छेदात मी आपल्या पाया पडलो होतो. आईने मोठ्याने वाचायला लावले आणि खोडायला लावले.)

५. मागच्या खेपेस ती तीन तास वाऱ्यात पडून होती. छाती भरली, ती अजून मोकळी झालेली नाही. आणखी एकदा उचलली तर ती परत आत यायची नाही, असे डॉक्टर म्हणतात. तिचे म्हणणे, "छत पडलं तर पडू दे. माझ्या उशीवर मरेन. साहेबाला सांग, रस्त्यात मरायचं वय नाही माझं."

६. सबब तिला आतच राहू द्यावे. छताबद्दल आमची तक्रार राहणार नाही. तोफ थांबवा असे मी म्हणत नाही. म्हणण्याचे बळही उरलेले नाही.

७. बार काढण्यापूर्वी आपला शिपाई दारातून ओरडतो, "आत कोणी आहे का?" गुरुवारी आतून दोघांचे उत्तर येईल. परवानगी मिळो वा न मिळो.

आपला नम्र शेजारी,
विचेन्स झाहरा, पाथरवट

सोबत :
१. डॉक्टरांची चिठ्ठी.
२. आईची संमती. सही येत नाही, म्हणून क्रूस काढला आहे. पहिला वाकडा आला, म्हणून दोनदा.