सूर्यावरचं वादळ आणि केदारखेड्याची हद्द

गुरुजी, सूर्यावर वादळं येतात. आता तरी नीट ऐकून घ्या, कारण आता तुम्हाला मला वर्गाबाहेर काढता येत न्हाई. धावड्याच्या शाळेत सातवीला मी हेच सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "तिथं काय पालापाचोळा हाय का उडायला? जा, बाहेर उभी राहून बघ तुझं वादळ." पोरं खदाखदा हसली आणि मी घंटा होईस्तोवर मैदानात. तुम्ही गेलात त्यालाही कैक वर्षं झाली, पण माझा राग गेला न्हाई आणि मी तो घालवणारही न्हाई.

आता मी जमिनी मोजते, एका खाजगी हापिसाकडून. हातातलं यंत्र उपग्रहांच्या संदेशांवरून जागा सांगतं. मागं एका मे महिन्यात केदारखेड्याला दोन भावांच्या वाटणीची मोजणी होती. हद्दीचा दगड तयार, नारळ तयार. नारळ फोडून दगड एकदा रोवला की आमच्याकडं तो कुणी हलवत न्हाई, मंग चुकीचा का असेना. हलवणाऱ्याचं वाटोळं होतं म्हणतात. आणि त्या दिवशी यंत्र एकाच जागेचं माप दर वेळी वेगळं दाखवून राह्यलं होतं, कधी हातभर इकडं, कधी दोन हात तिकडं. मी दगड रोवू दिला न्हाई. थोरला चिडला, बाईमाणसाला काय कळतं म्हणाला. मस्तगडातल्या हापिसातून आमच्या साहेबांचा फोन, आटप जल्दी, नसता उद्यापासून येऊ नको. मी म्हणलं, "नका ठेवू कामावर. पण खोट्या मापावर मी दगड रोवणार न्हाई."

दोन दिवसांनी माप बराबर आलं आणि धाकट्याचं दीड हात रान वाचलं. तोवर पेपरात आल्तं, सूर्यावरच्या वादळानं पार वरची हवा ढवळली, उपग्रहांच्या संदेशांत गडबड झाली, लडाखकडं आभाळ लाल दिसलं. मी एकटीच मोठ्यानं म्हणलं, घ्या गुरुजी!

हे पत्र कुठं टाकायचं न्हाईच, म्हणून सांगते. पहिलं माप मी खरं धरलं होतं, खड्डाही खणायला लावला होता. धाकट्याची बायको हळूच म्हणाली, "ताई, एकदा परत बघता का?" तिच्यामुळंच मी परत मोजलं. पण त्याआधी चार माणसांत तिला म्हणलं होतं, "तुम्हाला यातलं काय कळतं? गप उभ्या रहा तिकडं." तिची माफी मी अजून मागितली न्हाई.