पातळ होत नाही रे, दादा

प्रिय पोपटदादा,

फोनवर मी गोळीचं नाव काढलं की तू ‘म्हैस सुटली’ म्हणून फोन ठेवतोस, आणि समोर बसले की मला हसवून विषय उडवतोस. म्हणून लिहितेय. वाचताना तरी मध्ये बोलता येणार नाही तुला.

अख्ख्या खडवलीत तुझ्या दुधात पाणी आहे असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. त्यामुळे स्टेंट बसवल्यावर डॉक्टर ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या’ म्हणाले, तिथेच घात झाला. दाढी करताना कापलं, रक्त लवकर थांबेना, आणि तू जाहीर केलंस, ‘माज्या दुधात पानी नाय, मंग रगतात कशाला?’ दोन्ही गोळ्या बंद.

अरे, पातळ होतच नाही ते. मी तुझ्या भाच्याला, मितेशला घेऊन डॉक्टरांना पुन्हा विचारून आले. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी धावत येतात, एकमेकींना हाका मारतात, चिकटतात आणि गुठळी करून भोक बुजवतात. चांगलंच काम आहे, पण अक्कल कमी. तुझ्या स्टेंटची जाळीसुद्धा त्यांना जखमच वाटते. तिथे गुठळी धरली की हृदयाचं रक्तच बंद. एक गोळी त्यांची हाक बंद करते, दुसरी त्यांचे कान. रक्त होतं तेवढंच दाट राहतं. दुधावर साय धरू नये म्हणून तू पळी फिरवत बसतोस, त्यानं दूध पातळ होतं का? दाढीचं रक्त थांबेना ते गोळ्या काम करत होत्या म्हणून. तू त्यांनाच दोष दिलास.

आईनंतर मला ‘माले’ म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. तू गेलास तर मी माहेर म्हणून कुठे जायचं, ते सांग.

आज सकाळी शालूवहिनीनं तुझी शपथ मोडून फोन केला. काल गोठ्यातून येताना तू छातीला हात लावून खाली बसलास, घामानं भिजलास, म्हणे. मी फार घाबरलेय, दादा. हे मी गाडीत बसून लिहिलंय, अक्षर वेडंवाकडं आहे. मितेश तुझ्यासमोर उभा आहे, गाडी दारात चालूच आहे, कल्याणच्या हॉस्पिटलात कळवलंय. मी उतरणार नाही. उतरले की तू वहिनीला चहा टाकायला सांगशील. शर्टसुद्धा बदलू नकोस. मितेशचा हात धर आणि ये.

तुझीच,
मालन