डंकावरचा डबा

२२ एप्रिल १९७४, सोम.

वर्षाची कांदा-लसूण चटणी कांडून आणली! हात जळतायत, पेन नीट धरवत नाही, तरी लिहिणार. आत्याबाई लेकीच्या बाळंतपणाला गडमुडशिंगीला गेल्या आणि जाताना चटणीचं काम सुनेच्या, म्हणजे माझ्या गळ्यात घालून गेल्या. लग्नाला दोन वर्षं झाली, पण ह्या घरात फोडणी मी द्यायची आणि चव त्यांनी बघायची असा कायदा आहे. पळीतलं तळहातावर घेऊन चाखतात, मीठ सांगतात, मी घालते. तू बघ, असं एकदासुद्धा म्हणाल्या नाहीत.

लग्नाच्या मांडवातच त्यांचं ऐकलं होतं, "गगनबावड्याच्या भातखाऊ माणसास्नी चटणीतलं काय कळतंय?" आता बघाच म्हणावं.

डंकावर ही गर्दी. लोखंडी मुसळं धडाधड वरखाली, सगळ्या बायका नाकाला पदर लावून, डोळे गळतायत, कोण कुणाला ओळखत नाही. आत्याबाईंनी बजावलं होतं, "डब्याला तांबडी चिंधी बांध, मग चुकायचं न्हाय." बांधली होती. घरी येऊन वरून हिंगाचे खडे खुपसले, फडकं बांधलं, डबा फळीवर चढवला. त्या आल्या की चाखतील. देवा, चांगलं म्हणू देत.

२३ एप्रिल

ह्यांचा कारखाना बंद. उद्यमनगरात वीजच नाही, लेथ फिरणार कशावर? वीज आली की निरोप धाडतो म्हणाले मालक. तोवर पगार नाही, हे घरी.

मी म्हटलं, तोंड कशाला पाडता? ज्वारी आहे, डाळीचं पीठ आहे, शेंगा आहेत, कांदे आहेत. माहेरची नाचणी आणि आमसुलं आहेत. वर डबाभर चटणी. एवढ्यात आपण राजासारखे जेवू.

दुपारी पातळ पिठलं-भाकरी. नव्या चटणीचं उद्घाटन. ह्यांनी घास घेतला आणि थांबले.

"ही आपली चटणी न्हाय."

म्हटलं, माझ्या हातची आहे, निराळी लागणारच.

"हाताचं न्हवं गं. हिच्यात खोबरं हाय."

मी खोबरं घातलेलंच नाही! आत्याबाईंचा दंडक आहे, खोबरं घातलं की पावसाळ्यात चटणी खवट होते. डबा खाली काढला. दगडफुलाचा वास, रंग काळपट. चिंधी तांबडीच, पण माझी जुन्या परकराची होती आणि ही कोऱ्या कापडाची. दुसऱ्या कुणाचा तरी डबा उचलून आणलाय मी.

रडूच फुटलं. हे मात्र तसेच जेवत होते. वर पिठलं पुन्हा मागितलं.

२४ एप्रिल

सकाळीच डंकावर. डंकवाले मामा पोट धरून हसले. "वैनी, निम्म्या डब्यास्नी तांबडी चिंधी हुती. समद्या सासवा एकच शिकवत्यात की!" कुणी विचारायला आलं तर कळवतो म्हणाले. मी पत्ता सांगून आले. आत्याबाईंना निदान आठवडाभर तरी तिकडेच ठेव, असं अंबाबाईला हात जोडून सांगितलं.

दुपारी डाळकांदा. पण परक्याच्या चटणीत हात घालायचा का? ह्यांचं म्हणणं, "आपली बी कोणतरी खातच असंल की." हे खरं. घातली. डाळ अर्धवट शिजवलेली, कांदा भरपूर, पाणी अजिबात नाही. इतका चांगला झाला की मला राग आला.

माझी कशी लागत असेल? तेच मला ठाऊक नाही. स्वतःची चटणी चाखायला मिळू नये म्हणजे काय!

२६ एप्रिल

हे दिवसभर घरात, म्हणजे स्वयंपाकघरात. कांदा आणखी परत, स्टो बारीक कर, भाकरी जाड झाली. शेवटी शेंगदाणे भाजायला बसवलं. चांगले भाजले. वाटायला घेतले तर निम्मेच उरलेले.

"बघत हुतो भाजलेत का."

उरलेल्या दाण्यांची आमटी केली. पाणी जरा जास्त घातलं, गूळ-आमसूल टाकलं, भाताबरोबर सरली. सकाळच्या शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणीला. एकही कण वाया गेला नाही, ह्याचा मला अभिमान वाटतो आणि तो इथे लिहून ठेवते.

कारखान्याचा निरोप नाही. डंकाचाही नाही.

२८ एप्रिल, रवि.

आज माझ्या माहेरचं, बावड्याचं जेवण. नाचणीची आंबील, ताक घालून, वर लसूण ठेचून. ह्यांनी भांड्यात डोकावून तोंड वाकडं केलं. "ह्ये आजाऱ्याचं खाणं. मी काय दवाखान्यात हाय व्हय?"

मी आग्रह केला नाही. माझी वाटी घेऊन दारात बसले, बोटानं त्यात चटणी कालवली आणि मिटक्या मारत खाल्ली. थोड्या वेळानं मागून आवाज, "वाईच दे की बघू."

भांडं त्यांनीच पुसून खाल्लं. संध्याकाळी म्हणतात, सकाळचं ते नाचणीचं काही उरलंय का?

मी कोल्हापूर थोडंसं जिंकलं आज.

३० एप्रिल

सापडली! मामांनी निरोप पाठवला की हमीदाभाभी डबा हुडकत आल्या होत्या. शिंप्याचं घर. कोऱ्या कापडाची चिंधी! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

लगेच गेले. पुढे दुकान, मशिनची खडखड, मागे घर. मी दारात नाव सांगितलं तर ती बाई हसायलाच लागली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल.

"तूच व्हय गं ती! आमच्यात रोज भांडण, येवढं तिखट कुणी घातलं म्हणून. मी म्हणतीया मी न्हाय घातलं, कोण आयकतंय?"

मी धीर करून विचारलं, माझी चटणी लागते कशी?

"तिखट हाय. पर झुणक्यात झकास लागतीय. आमचे सासरे तर मागून घेत्यात."

मागून घेतात! येताना रस्त्यात मी एकटीच हसत होते. कुणीतरी म्हणालं असेल, वेड लागलंय.

खोबऱ्याचंही विचारलं. ती म्हणाली, तेलात तांबूस होईस्तोवर तळायचं, ओलसरपणा ठेवायचा नाही. मी घाईत रिकाम्या हातीच गेले होते; रविवारी तिला सवड, तेव्हा ती डबा घेऊन येणार, आपापला परत. आत्याबाई त्यानंतर आल्या तर गंगेत घोडं न्हालं.

३ मे, शुक्र.

आल्या. आजच. न कळवता, संध्याकाळच्या एस.टी.नं. वन्संना मुलगी झाली, दोघी खुशाल. मी पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि स्टोकडे पळाले, कारण आमटी उकळत होती. शेंगदाण्याची. हमीदाभाभीच्या चटणीची.

त्या मागोमाग आल्याच. पळी घेतली, तळहातावर ओतलं, चाखलं. पुन्हा ओतलं, पुन्हा चाखलं.

"चांगली झालीया चटणी. पुढल्या साली बी तूच कर."

दोन वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो आला आणि पत्ता चुकला. हे ताटात तोंड घालून हसत होते. मी खरं सांगितलं नाही, त्याचं वाईट वाटतंय. आनंदही धड होत नाही, दुःखही धड होत नाही.

४ मे

सांगून टाकलं. त्या भाकरीचं पीठ मळत होत्या. आत्याबाई, ती चटणी माझी नव्हे. डंकावर डबा बदलला. सगळं सांगितलं, चिंधीसकट, हमीदाभाभीसकट.

त्यांनी हात थांबवला. फळीकडे बघितलं.

"तरीच. म्हटलं, माझ्या डब्याची कडी वाकडी हुती, ती सरळ कशानं झाली?"

म्हणजे डबा कालच ओळखला होता! मग काल बोलल्या का नाहीत? विचारायची छाती झाली नाही. पीठ पुन्हा मळायला घेत म्हणाल्या, "उद्या ती येतीया न्हवं? येऊ दे. तुझी बघू या मग."

दुपारी झुणका, मी फोडणी दिली, त्यांनी चव बघितली, "मीठ घाल" म्हणाल्या. घातलं. हे मला खुणेनं विचारतात, आई काय म्हणाली? मीठ घाल म्हणाल्या.

५ मे, रवि.

हमीदाभाभी आली. वाकड्या कडीचा डबा कडेवर. आत्याबाई म्हणाल्या, "या, बसा." पाणी दिलं. मग डबा पुढ्यात ओढला, फडकं सोडलं, ताटलीत चटणी घेतली, तीत तेलाची धार, भाकरीचा तुकडा. आम्ही दोघी बघत बसलो. हमीदाभाभीनं माझा हात धरला होता, जशी काही परीक्षा तिचीच.

चावतायत, चावतायत. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, तिखटानं.

"लसूण बेतानं हाय. मीठ वाईच कमी."

बस्स. चांगली नाही, वाईट नाही. तोंड पुसलं आणि हमीदाभाभीकडे वळल्या, "काय ओ, खोबरं घालून बी तुमची खवट कशी हुत न्हाय?" त्या दोघींचं जे सुरू झालं ते थांबेचना. मी चहा केला, तो गार झाला.

शेवटी आत्याबाईंनीच दोन्ही डबे निम्मे निम्मे केले. आपली अर्धी तिला, तिची अर्धी आपल्याला. "पावसाळा हू दे. मग बघू कुणाची टिकतीया." हमीदाभाभी म्हणाली, बघूच! आणि दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की मला वाटलं, ह्यात मी कुठे आहे?

जेवल्याशिवाय तिला सोडलं नाही. कारखान्याचा निरोप अजून नाही, घरात पीठ आणि कांदाच, म्हणून पिठलं. आत्याबाई म्हणाल्या, तू भाकऱ्या थाप, पिठलं मी करते. चटणी कुठल्या डब्यातली घेतात ते तिरक्या नजरेनं बघितलं. वाकड्या कडीच्या. माझी.

माझ्या भाकऱ्या झाल्या, म्हणून दारात बसून एवढं लिहून घेतेय. आत पिठलं रटरटतंय. हे पाटावर आधीच जाऊन बसलेत.

हाक आली.

"सुमन, हिकडं ये. चव बघ, मीठ सांग."

मला. मला म्हणाल्या. पुन्हा हाक मारतायत. उठते. तळहाताला शाई लागली आहे, आधी तो धुवायला हवा.